मास्तर, जाऊ का?

मोबाइल उलटे ठेवा बघू. आणि मधेमधे 'खरंच का' विचारायचं नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो पंधरा वर्षं माझा शेजारी आहे, आणि थाप मारायला लागते तेवढी अक्कल त्याला देवाने दिलेली नाही.

हा आमचा मास्तर मोटार शिकवायचा. तीस वर्षं. शिकवायच्या गाडीत स्टिअरिंग उजवीकडे, तिथे शिकणारा बसतो. डावीकडे मास्तर, त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक. इतकी वर्षं डाव्या सीटवर काढली की सवय हाडात मुरते. जेवताना उजव्या हाताला बायको बसली असेल तर तिलाही तो 'क्लच हळू सोड' म्हणायचा, असं वहिनीच सांगायच्या.

गेल्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी दोघं परदेशात गेली. जावयाची गाडी दुरुस्तीला टाकलेली, म्हणून त्याने आठवड्यापुरती भाड्याची घेतली होती आणि कागदावर सासऱ्याचंही नाव घातलं होतं. तिकडे सगळं उलटं. गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने, स्टिअरिंग डावीकडे. "मला काय शिकवता," म्हणत मास्तरने दिवसाउजेडी दोन फेऱ्या मारल्या. बऱ्या मारल्या.

नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. रात्री मुलीला कळा सुरू झाल्या. ॲम्ब्युलन्समधून जावई आणि वहिनी तिच्यासोबत गेले. एक वाजून पस्तीस मिनिटांनी जावयाचा फोन.

"बाबा, तपासण्यांची फाइल आणि बॅग दाराशीच राहिली. घेऊन येता का? बारा मिनिटांचा रस्ता आहे. सावकाश या."

मास्तर खाली उतरला. फाइल, बॅग शेजारच्या उजव्या सीटवर ठेवली आणि निघाला. थंडी कडक होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

दुसऱ्या सिग्नलला गाडी टिंग टिंग वाजायला लागली. शेजारच्या सीटचा पट्टा लावा, असा लाल दिवा. बॅगेच्या वजनाने वाजत असेल म्हणून त्याने सामान मागे टाकलं. सीट रिकामी झाली.

टिंग. टिंग. टिंग.

इथे जरा थांबतो. त्याला त्या वेळी जे आठवलं ते तुम्हालाही कळायला हवं. आठ वर्षांपूर्वी मास्तरकडे एक नर्स शिकायला यायची. तिशीची, भित्री पोर. प्रत्येक वळणावर विचारायची, "मास्तर, जाऊ का?" हा दोन्हीकडे बघून 'जा' म्हणाला की मगच वळायची. एका संध्याकाळी हा फोनवर टायरवाल्याशी भांडत होता. तिने विचारलं. ह्याने न बघताच 'जा' म्हटलं. सायकलवरचा एक म्हातारा जागच्या जागी गेला.

पोलिसांपुढे मास्तरने वड्याचं तेल वांग्यावर काढलं. म्हणाला, मी थांब म्हटलं, ब्रेकही दाबला, हिनेच ॲक्सिलरेटर दाबला. ती पोर घाबरून काही बोललीच नाही. तिची नोकरी गेली. गल्लीतली मुलं तिच्यामागे हॉर्नचे आवाज काढायची. तिने हाय खाल्ली, दोन वर्षांत गेली. तिची आई त्याच गल्लीत राहिली, आणि लोक तिला 'त्या म्हाताऱ्याला मारणारीची आई' म्हणूनच ओळखायचे. मास्तरने खरं काय ते लिहून दिलं असतं तर त्या बाईचं जिणं सुसह्य झालं असतं. पण आधी क्लास बंद पडेल म्हणून, मग मुलीचं लग्न व्हायचंय म्हणून... राहिलं ते राहिलंच.

तर मास्तरने हात लांब केला आणि रिकाम्या सीटचा पट्टा ओढून लावला.

आवाज थांबला. ते त्याला जास्तच वाईट वाटलं.

"चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय," तो स्वतःशीच बोलला. उजवीकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं. पण डाव्या सीटवर बसलं की त्याच्या अंगाला वाटायचं, गाडी उजवीकडचं माणूस चालवतंय. हात स्टिअरिंगवर सैल पडायचे. एकदा गाडी कडेला सरकली, तेव्हा तो सवयीने म्हणाला, "सरळ घे. घाबरू नकोस."

म्हणाला आणि त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

समोर मोठा गोल चौक. पलीकडे इस्पितळाचे दिवे. एक वाजून त्रेपन्न मिनिटं. फोन वाजला. जावई. मास्तरने मान खाली घातली, फोन बघायला.

उजवीकडून कोणीतरी विचारलं. हळूच.

"मास्तर... जाऊ का?"

"जा."

न बघता.

गाडी गेली. चौकाच्या डावीकडून. आपल्याकडे जाते तशी...

समोर ट्रक. दिवे. हॉर्न. मास्तरचे दोन्ही पाय आखडून सीटखाली गेलेले. ब्रेकवर पाय नव्हता. शपथेवर सांगतो तो, नव्हता.

ब्रेक लागला.

ट्रक हातभर अंतरावर थांबला होता. ट्रकवाल्याने खिडकीतून शिव्या घातल्या, वळसा घेतला, गेला. मग सगळं शांत.

मास्तरने उजवीकडे बघितलं. सीट रिकामी. पट्टा मात्र ताणलेला. आणि हलत होता... जरासा पुढे... जरासा मागे. श्वास घेताना हलतो तसा.

"चुकलो गं," मास्तर म्हणाला.

...

"मीच म्हटलं होतं जा. तेव्हाही."

...

पट्टा सैल पडला.

दोन वीसला नात झाली. वहिनी म्हणाल्या, "हात पुढे करा की, आजोबा." ह्याला हात पुढे करवेना. "एक काम राहिलंय," म्हणून तो खाली गाडीत आला. भाड्याच्या कागदांतला एक पाठकोरा घेऊन त्याने पोलिसांच्या नावे सगळं लिहिलं, सही केली. कागद काचेपाशी ठेवला, गाडीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मग वर जाऊन नातीला घेतलं आणि ढसाढसा रडला. सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

परतल्यावर तो कागद घेऊन माझ्याकडे आला. मी कोर्टाबाहेर टायपिंग करणारा माणूस, जन्मभर लोकांचं खोटं नीटनेटकं टाइप करून दिलंय. "दोन प्रती कर," म्हणाला. "एक पोलिसांत. एक तिच्या आईला मी स्वतः वाचून दाखवतो." दाखवलीही. ती माउली काय म्हणाली ते त्याने मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मी कागद वाचला. निळ्या पेनाने लिहिलेला, अक्षर त्याचंच. फोन, टायरवाला, खोटी जबानी, सगळं होतं. एका ओळीत लिहिलं होतं, 'त्या वेळी माझं क्षणभर लक्ष नव्हतं.'

त्यातलं 'क्षणभर' खोडलेलं होतं. काळ्या शाईने. एकच सरळ रेघ.

"हे तू खोडलंस?"

त्याने मान हलवली. नाही. "सकाळी सहाला गाडी उघडली, तेव्हा हे असं..."

"मग ठेवू का तो शब्द?"

त्याने त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"नको," म्हणाला. "त्या संध्याकाळी तिने तीनदा विचारलं होतं."

मूळ कागद माझ्याकडेच आहे. ती रेघ कोणाला बघायची असेल तर उद्या उजेडात या.