थंडीतही उभे खांब

ओल्या केसांतून पाणी ठिबकतंय, गळ्यात शिट्टी, हातात चुरगळलेला कागद — अशी ती जलतरण तलावाच्या कार्यालयात शिरली आणि थेट खिडकीजवळच्या संगणकापाशी थांबली.

"हा बार चार्ट तुम्ही काढलात?"

नव्यानंच लागलेल्या प्रोग्रामरनं चष्मा सावरला. "हो... म्हणजे — आवडला?"

"आवडला? अहो, याच्यापायी व्यवस्थापक माझा वर्ग बंद करतायत!"

तिचा वर्ग म्हणजे आजी-आजोबांना पोहायला शिकवायचा, सकाळचा. दुखरे गुडघे सांभाळत, एकमेकांची थट्टा करत पाण्यात उतरणारी ती मंडळी तिला जीव की प्राण होती. कागदावर मुलांचा खांब ताडमाड उभा होता आणि तिच्या म्हाताऱ्यांचा बिचारा जेमतेम जमिनीवर दिसत होता.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "मी नुसती वर्षाची बेरीज केली हो. बसा ना... पुन्हा काढू."

"खुर्ची भिजेल."

"वाळेल ती."

ती बसली. आता रागवायचं तरी कसं?

"आलेख काढायची तयार लायब्ररी असते," तो टाइप करत म्हणाला. "आकडे आपण द्यायचे, चित्र ती काढते." त्यानं एक शब्द बदलला, तर सगळे खांब आडवे झाले.

"अगदी आमचे आजोबा, व्यायाम झाल्यावर!" ती खुदकन हसली. ते हसू बघताना त्याची बोटं अडखळली. मग त्यानं महिन्यांप्रमाणे खांब एकावर एक रचायला घेतले, तर उन्हाळ्यातले म्हातारे गायब!

"कुठे बुडवलंत त्यांना?"

"नाही, नाही... मुलांच्या मागे लपलेत. वरचा थर कुठून सुरू करायचा, तेच सांगायला विसरलो." त्याचे कान लाल झाले होते. "रचायला नकोच. शेजारी-शेजारी उभे करू."

पडद्यावर नवे खांब उमटले. मुलांचे उन्हाळ्यात आभाळाला भिडलेले, थंडीत मात्र नाहीसे. आणि शेजारी तिच्या म्हाताऱ्यांचे हिरवे खांब — बुटके, पण बाराही महिने तेवढेच. तिचे डोळे भरून आले.

"थंडीत तलाव हेच चालवतात की," तो हळूच म्हणाला.

व्यवस्थापकांनी तो आलेख बराच वेळ पाहिला, डोकं खाजवलं आणि वर्ग चालू ठेवला. तिचा जीव भांड्यात पडला. कार्यालयात जायचं आता काही कारण उरलं नव्हतं. तरी ती जायचीच, कधी खांबांचा रंग बदलायला, कधी तो रंग पुन्हा पहिल्यासारखा करायला.

मग थंडी पडली. एका कुडकुडत्या सकाळी तो तलावाच्या काठावर हजर! डोक्यावर घट्ट टोपी, डोळ्यांवर चष्मा नाही, दात वाजतायत.

"पोहता येतं?" तिनं पाण्यातून विचारलं.

"नाही."

"मग उन्हाळ्यात यायचं ना. तेव्हा सगळेच येतात."

"म्हणून तर आत्ता आलो." त्यानं टोपी कानांवर ओढली. "माझा खांब बुटकाच आहे हो... पण तुमच्या शेजारी — बारा महिने उभा राहील."

"मी इकडे आहे," ती म्हणाली. "त्या आजी आहेत."

सगळा तलाव हसला. आजी तर दोन्ही हातांनी पाणी उडवत ओरडल्या, "अगं, हो म्हणून टाक! आम्ही इथे गारठलोय!"

तीही हसत होती, पण पापण्या ओल्या होत्या. तलावाच्या पाण्यानं नव्हे. काठाशी येऊन तिनं हात पुढे केला.

"ये," ती म्हणाली. "मी धरलंय."