कीबोर्डले दम लागत नाई

लाईन गेलीच आहे तर बसा. कंदील इकडे सरकवतो. त्या एका फ्लॉपीले मी दोरा बांधून वेगळं काऊन ठेवलं, हेच विचारत होते न तुमी? सांगतो. पण मधात बोलू नका, मले राग येते.

दोन हजार दोनचा उन्हाळा. सिंदेवाहीत गुणवंतरावची बँड पार्टी होती, तिच्यात मी कीबोर्डवर. माह्या आधीपासून सनईवर पत्रूभाऊ. जंगलाकडच्या चिंचटोल्याचा माणूस. तोंडात कायम लवंग, गळा साफ राहावा म्हणून. बारा वर्षं आमी बाजूबाजूले बसून लग्नं वाजवली. नवरी निघाली की पत्रूभाऊ बिदाईची एक धून वाजवे. त्याची स्वतःची, चार ओळींची. तीन ओळी नेहमीच्या, पण चौथी दर नवरीची वेगळी. त्यासाठी तो आधी त्या पोरीजवळ जाये, तिचं नाव विचारे, दोन गोष्टी बोले. मग चौथी ओळ तिच्यासाठी जागेवर बांधे. एकीची ओळ दुसरीले त्यानं कधी वाजवली नाई. आजही आसपासच्या गावांतल्या बाया गुणगुणून दाखवतात, माही ओळ अशी होती म्हणून.

मग त्या उन्हाळ्यात मी नवा कीबोर्ड घेतला. त्यात सनईचा आवाज होता. गुणवंतराव म्हणे, "आता दोन सनया कशाले पाह्यजे?" मी समोरच बसलो होतो. पत्रूभाऊले राहू द्या, एवढं म्हणायले माहं काय जात होतं? पण मी हसून म्हटलं, "पत्रूभाऊले आता दम लागते. माह्या कीबोर्डले दम लागत नाई."

पत्रूभाऊ मागंच उभा होता. त्यानं सनई फडक्यात गुंडाळली अन् सायकलवर बसून गेला. आठ महिन्यानं छातीच्या दुखण्यानं गेला. मी मातीले गेलो होतो. लाज वाटली म्हणून लांबच उभा राह्यलो.

पुढच्या वैशाखात त्याच्या पोरीचं, ललिताचं लग्न निघालं. त्याची बायको बुधरीबाई माह्या दारात आली. बस म्हटलं तर बसली नाई.

"नईमभाऊ, पोरगी म्हणते, बाची धून वाजल्याबिगर मी मांडवातून पाय काढत नाई. त्यानं तिले कबूल केलं होतं. त्याची कॅसेट नाई, काई नाई. तुमालेच येते ते."

"तीन ओळी येतात, बाई. चौथी कोनाले येते?"

"तीन त वाजवा." जाता जाता ती वळली. "पन आमच्या घरी बसून बनवा. त्याले ऐकू जाऊ द्या."

आता तुमी म्हणसान, बनवायचं काऊन, तिथंच हातानं वाजवायचं. अहो, सनई, खालचा सूर अन् डफडं, तीन गोष्टीले दोन हात पुरत नाई. अन् खरं सांगतो, त्याच्या पोरीसमोर ती धून हातानं वाजवायची माही हिंमत नव्हती. म्हणून आधीच कीबोर्डच्या फ्लॉपीत भरून घ्यायचं ठरवलं.

चिंचटोल्यात दिवसा लाईन राहे. दुपारले मी पत्रूभाऊच्या खोलीत कीबोर्ड मांडला. मातीचं घर, बाहेर ऊन धडधडून राह्यलं अन् आत थंडगार अंधार. छतातल्या एका फुटक्या कवेलूतून उजेडाचा तुकडा खाली पडला होता. टोपल्यात वाळलेला मोहा होता, त्याचा गोड, आंबूस वास. खुंटीले फडक्यातली सनई होती. खाली कोनाड्यात मातीची वाटी, अन् तिच्यात सनईची पत्ती. ताडाच्या पानाची ती बारीक पत्ती सनईच्या तोंडाशी बसते. वाजवणारा तिले ओली ठेवते, कोरडी पत्ती बोलत नाई. वाटी कोरडी ठणठणीत होती. पत्तीवर वर्षाची धूळ.

सनईचं बटण दाबलं म्हणजे सनई होत नाई. बटणातून सूर सरळ निघते, इस्त्री केल्यासारखा. खरी सनई सुराच्या जराशी खालून चढते, म्हणून डाव्या हाताशी एक चाक असते ते हळूच ढकलावं लागते. दोन सूर एका वेळी दाबायचे नाई. सगळे एका जोरानं दाबायचे नाई. अन् ठोक्यावर नेमकं बसवायचं नाई, केसभर मागं ठेवायचं. एवढं सगळं मी केलं. आधी डफडं भरलं, मग खालचा सूर, मग सनईच्या तीन ओळी. मले वाटलं, वा नईम.

वाजवून पाह्यलं. बुधरीबाई उंबरठ्यावर मोहा निवडून राह्यली होती. तिचा हात थांबला.

"भाऊ, हा मानूस दम कुठी घेते?"

मी बटण बंद केलं.

"तीनही ओळी एका दमात. असा वाजवीन त मरून जाईन तो."

तिले माहीत होतं का मी काय बोललो होतो ते? मी आजपर्यंत विचारलं नाई. सगळं पुसलं अन् पुन्हा बसलो. आता मी स्वतः छाती भरून घेत होतो, नाकानं हळूहळू सोडत होतो, अन् माहा दम पुरन तेवढंच बोट दाबत होतो. दम संपला की बोट वर. एक ठोका मोकळा, मग पुढची ओळ. तीन ओळी झाल्यावर चौथीची जागा तशीच रिकामी ठेवली. तिथी फक्त डफडं अन् खालचा सूर.

वाजवलं. पहिली ओळ संपली. मोकळ्या ठोक्यात… टक्.

बारीक आवाज. अन् त्याच्यामागं आत ओढलेला दम.

बारा वर्षं तो आवाज माह्या डाव्या कानाजवळ होता. पत्रूभाऊ ओळ सुरू करायच्या आधी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सरकवे, ती दाताले लागे. टक्. कीबोर्डले माईक नाई. त्यात बोटानं दाबलेलं जाते, बाकी काई जात नाई. मी कीबोर्डच्या बारक्या पडद्यावर पाह्यलं, त्या ठोक्यात काईच नव्हतं. पुन्हा लावलं. पुन्हा टक्. मोह्याच्या वासात लवंगेचा वास मिसळला होता.

दुसरी ओळ झाली. तिसरीच्या आधी मी एक ठोका सोडला होता. तो ठोका गेला, अन् सनई आली नाई. डफडंही थांबलं. खालचा सूर नुसता टांगून राह्यला. पडद्यावरचा वेगाचा आकडा होता तसाच. आता एक ध्यानात घ्या, कीबोर्ड कोनासाठी थांबत नाई. तुमी चुका, पडा, मरा, तो पुढं जाते. अन् तो थांबला होता. आतून दम ओढल्याचा आवाज येत होता. एकदा… दुसऱ्यांदा… छाती दुखणारा माणूस ओढते तसा, तुटक तुटक.

मले तिथून उठून पळावं वाटलं. पण उंबरठ्यावर बुधरीबाई बसली होती अन् तिचे डोळे मिटलेले होते. माह्या तोंडून आपोआप निघालं,

"घ्या पत्रूभाऊ… सावकाश घ्या. मी थांबतो."

चौथ्या दमाले सनई चढली, मागं डफडंही. मी भरली होती तीच ओळ, पण मी भरली तशी नाई. मी लेकरासारखा रडलो. आठ महिने तो जित्ता होता, तवा एवढंच बोलायचं होतं मले.

आवरताना कोनाड्यात नजर गेली. वाटीत बोटभर पाणी होतं. पत्ती ओली, धुतलेली.

"बाई, वाटीत पानी टाकलं का तुमी?"

"त्या वाटीले मी हात नाई लावत," बुधरीबाई म्हणाली, अन् मोहा निवडू लागली.

लग्न दिवसाचं होतं. तिसऱ्या प्रहरी बिदाई. ललिता मांडवाच्या तोंडाशी येऊन उभी राह्यली. चेहरा दगडाचा. बाप गेल्यापासून ती रडली नव्हती म्हणतात. मी फ्लॉपी लावली, बटण दाबलं अन् दोन्ही हात मांडीवर ठेवले. हे मुद्दाम सांगतो, दोन्ही हात मांडीवर होते. तीन ओळी झाल्या. रिकामी जागा आली, डफडं एकटंच वाजू लागलं. आता संपलं म्हणून मी मान खाली घातली.

टक्.

अन् सनईनं चौथी ओळ धरली. अशी ओळ मी जन्मात ऐकली नव्हती. खालून उठली, मधात एकदा लाडानं थबकली, अन् वर जाऊन मोकळी झाली. मांडवात कोनी हललं नाई. ललिताच्या तोंडून आवाज निघाला अन् ती धाय मोकलून रडली. मग रडता रडताच हसली.

"आई, हेच. गाई वळताना बा हेच गुणगुणे. तुह्या बिदाईची आहे, कोनाले सांगू नको म्हणे."

तिनं मांडवातून पाय बाहेर टाकला. जाताना माह्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तो नमस्कार माहा नव्हता.

बुधरीबाईनं सनई अन् वाटी मलेच दिली. ती फ्लॉपी मी नंतर किती वेळा लावली. तीन ओळी वाजतात, मग रिकामी जागा. चौथी पुन्हा कधी आली नाई. फक्त सगळं संपल्यावर, अगदी शेवटी, एक दम घेतल्याचा आवाज येते. धून संपल्यावर माणूस दम कशाले घेईन? पुढं वाजवायचं असन तरच. पहिले मले त्याची भीती वाटे. आता वाटत नाई. थोडी वाटते.

रविवारी माह्या पोरीचा, महेकचा निकाह आहे. तवा ती चौदाची होती, पत्रूभाऊले तिनं कधी पाह्यलं नाई. मी बिदाईसाठी तीच धून ठेवली आहे, चौथीची जागा मोकळी. म्हटलं, आली तर आली.

परवा दुपारी मी बाजारातून आलो तर महेक म्हणे, "अब्बा, एक म्हातारे भाऊ आले होते. बसा म्हटलं तर बसले नाई. माहं नाव विचारलं, दोन गोष्टी बोलले अन् गेले."

"काय बोलले?"

"काई नाई, असंच. मले काय आवडते, काय नाई." मग ती हसली. "पान नव्हतं तोंडात, तरी गालात काईतरी घोळवत होते. अन् बोलायच्या आधी थांबून थांबून दम घेत होते, अब्बा. मी म्हटलं, सावकाश घ्या."