रिकामी नाव जड झाली तेव्हा

तुम्हाला पटो न पटो, हे माझ्या अब्बांसोबत घडलं आहे. तेही रात्री नाही... भर सकाळी, दहा वाजता.

फेब्रुवारी १९६३. वणीजवळ, वर्धा नदीचा एक घाट. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही.

तिथे पूर्वी मोठी नाव चालायची. कापूस, वराती, बाजारकरू, सगळं तिच्यातूनच पलीकडे चांद्याच्या बाजूला जायचं. १९५७ च्या पुरात ती मधोमध उलटली. नऊ माणसं गेली. त्यांत नावाडी उकंडाची बायको होती, जमनाबाई. उकंडा तेवढा वाचला.

नाव बंद पडली.

सहा वर्षांनी वणीचे कापूस व्यापारी वामनराव यांनी ती पुन्हा सुरू करायचं ठरवलं, इंजिन लावून. माझे अब्बा, अन्सार मिस्त्री, वणीत इंजिनं दुरुस्त करायचे. नावेला डिझेल इंजिन त्यांनीच बसवलं.

चाचणीला नावेत दोघंच. अब्बा इंजिनापाशी, उकंडा सुकाणूवर. वामनराव काठावर थांबले.

नाव मधोमध आली आणि उकंडा म्हणाला, "मिस्त्री, मशीन बंद करा."

"काहून?"

"करा म्हणतो ना!"

अब्बांनी बंद केलं.

पाण्याचाही आवाज येईना...

मग नाव डावीकडे झुकली. सरळ झाली... आणि बोटभर खाली बसली. कुणी चढल्यावर बसते तशी.

पुन्हा झुकली. पुन्हा बसली.

अब्बांनी मोजलं. नऊ वेळा.

"उकंडा, नाव बुडून राह्यली! मांगं फिरव!"

उकंडा रडत होता. "बसू द्या त्यायले, मिस्त्री. पल्याड नेतो म्हनून मीच बसवलं होतं त्यायले."

अब्बांनी इंजिन सुरू केलं. धूर ओकत नाव कशीबशी पलीकडे लागली.

तिथे ती वर उठू लागली. एक... दोन... तीन...

आठ वेळा. मग थांबली.

नावेच्या पुढच्या टोकाकडे बघत उकंडा हळूच म्हणाला, "उतर ना वं, जमना."

तो काहीतरी ऐकत राहिला. मग मान हलवली.

"मले म्हनते, तू पह्यले उतर."

तो गुडघाभर पाण्यात उतरला. अब्बा इंजिन बंद करायला खाली वाकले. वर पाहिलं...

उकंडा नव्हता.

समोर ओली रेती. तिच्यावर एकही पाऊल नाही.

अब्बांनी खूप हाका मारल्या. शेवटी एकटेच परत निघाले. सगळा भार मागे, इंजिनाचा आणि त्यांचा. तरी नावेचं पुढचं टोक पाण्यात दबलेलं होतं...

त्यांनी तिकडे एकदाही पाहिलं नाही.

घाटावर वामनराव पुढे आले. नाव लागताच पुढच्या टोकापाशी त्यांनी हात दिला, एखाद्या बाईला उतरवून घ्यावं तसा. मग दचकून मागे घेतला.

तळहात ओला होता.

"अन्सार... उकंडा कुठी हाये?" एवढंच त्यांनी विचारलं.

उकंडा जिवंत सापडला नाही, मेलेलाही नाही. त्या घाटावर पुन्हा नाव चालली नाही. वामनरावांनी मरेपर्यंत तो विषय काढू दिला नाही.

अब्बा मात्र शेवटच्या आजारात मला पुन्हा पुन्हा विचारत.

"तिनं उकंडाले तिथं उतरवलं, बेटा. अन् माह्यासंग इकडं आली. मले सांग... ते जमनाबाईच होती काय?"