दोरी संपेचना

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे हसू येणार नाही.

मी विनिता. हे कुणाकडून ऐकलेलं नाही, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. माझ्याच नवऱ्याबरोबर. मागच्या वर्षी कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी, वसईतल्या उमेळ्यात, आमच्या सोसायटीच्या लॉनवर.

दुसऱ्या दिवशी तिथे दुधाचा कार्यक्रम होता आणि गवत गुडघ्यापर्यंत आलेलं. माळी गावाला गेलेला. मग काय, आमचे सुमेधराव पुढे! ऑफिसात दिवसभर कम्प्युटर बडवणारा माणूस, पण चार व्हिडिओ बघून स्वतःला मेकॅनिक समजतो. सोसायटीचं गवत कापायचं मशीन त्याने बाहेर काढलं. दोरी ओढून सुरू करतात ना, तसलं.

फरशीवर एका झटक्यात सुरू झालं.

कडेचं गवत कापून झालं. मग मशीन लॉनच्या मधोमध गेलं... आणि बंद पडलं.

सुमेधने दोरी ओढली. जड. पुन्हा ओढली. तसूभर हलेना.

"पात्यात गवत अडकलं असेल," तो म्हणाला. मशीन आडवं करून पाहिलं. पातं मोकळं होतं. एअर फिल्टर झटकला. मशीन फरशीवर आणलं, तर पहिल्याच झटक्यात सुरू! पुन्हा मधोमध नेलं...

बंद.

कंपाउंडच्या भिंतीपलीकडे व्हॅलेरियन अंकल उभे होते. आमची बिल्डिंग त्यांच्याच वाडीच्या जागेवर उभी आहे.

"मधलं राहू दे, सुमेध," ते म्हणाले. "तिथे आमचं बावखल होतं. गोड्या पाण्याचं तळं. बुजवलं ते. तिन्हीसांजेला आम्ही तिथलं पाणी ओढत नसू."

"अंकल, मी पाणी कुठे ओढतोय?" सुमेध हसला. मेली मीसुद्धा हसले.

अंकलनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि घरात गेले.

सुमेध आता इरेला पेटला होता. त्याने इंजिनाचा स्पार्क प्लगच काढून टाकला. "इंजिनात दाबच उरला नाही बघ, विनू. आता दोरी अलगद येणार."

त्याने ओढली.

आली.

येतच राहिली...

ही दोरी जेमतेम दोन हात बाहेर येते. त्या दिवशी ती त्याच्या पायाशी वेटोळी पडत होती. एक वेटोळं, दुसरं, तिसरं. सुमेध विहिरीवर पाणी शेंदावं तशी हातावर हात टाकून ओढत होता.

आणि दोरी ओली होती.

शेवाळाचा वास आला. आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता.

"सुमेध, सोड ती!"

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. तळहात सोलवटले होते. तो वाकत वाकत पार गवतापर्यंत गेला होता. आणि खाली बघून बोलत होता...

"आलीस. थोडंच राहिलं. घट्ट धर."

मी त्याला कमरेला धरून मागे खेचलं. हलेना. उलट मीच त्याच्याबरोबर पुढे सरकायला लागले. टूलबॉक्स उघडाच होता. हाताला कटर लागला.

मी दोरी कापली.

सुमेध मागे कोसळला. वाटलं, सुटला बिचारा! पण तो ओरडला. मी त्याला असं ओरडताना कधीच ऐकलं नव्हतं. दोन्ही हातांनी तो जमीन उकरायला लागला. लोक धावले तेव्हा वेटोळी कुठेच नव्हती. गवत तेवढं ओलं होतं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने मशीन उघडलं. दोरी आत जागच्या जागी होती. कोरडी. अख्खी.

"काहीच बिघाड नाही, मॅडम," तो म्हणाला.

नंतर एकदा मी सुमेधच्या हाताला मलम लावत असताना तो म्हणाला, "खालून विनू हाका मारत होती. मला वर घे म्हणत होती. तिची बोटं दिसली मला. तेवढ्यात तू कापलीस."

"अरे वेड्या, मी तुझ्या मागे उभी होते ना! मीच विनू."

त्याने हात सोडवून घेतला.

डॉक्टर झाले, अंकलच्या सांगण्यावरून चर्चच्या फादरना बोलावलं, माझ्या आईने दृष्ट काढली. तो ऑफिसला जातो, जेवतो, चारचौघांत हसतोही. मला मात्र आता नुसतं 'विनिता' म्हणतो. रात्री हॉलमध्ये झोपतो. मी किती रडले, किती भांडले! लग्नातल्या आठवणी सांगितल्या, आमच्या दोघांतच असलेल्या गोष्टी सांगितल्या. तो शांतपणे ऐकून घेतो. खोटं बोलणाऱ्याचं ऐकावं तसं.

परवा दिवेलागणीला तो घरात दिसेना. मी खाली गेले.

लॉनच्या मधोमध पालथा पडला होता. कान जमिनीला लावून. हळू आवाजात, मायेने बोलत होता. किती दिवसांनी ऐकला मी तो आवाज.

माझी चप्पल वाजली...

तो थांबला. मग जमिनीशी ओठ नेऊन पुटपुटला,

"गप्प राहा, विनू. ती आली."