शेकोटीशेजारचं बाक

ज्या वर्षी वेरिटीच्या आईने एकसष्टाव्या वर्षी दुसरं लग्न केलं आणि नव्या नवऱ्याबरोबर ती स्पेनला उन्हात राहायला निघून गेली, त्या वर्षीच्या ऑक्टोबरातली ही गोष्ट. लग्नात सगळे नाचले, वेरिटीही नाचली. मग त्या दोघांना विमानतळावर सोडून ती घरी आली, दारात किल्ली फिरवली, आणि तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की आता किटलीत एकाच कपाचं पाणी ठेवायचं.

वेरिटी एकोणतीस वर्षांची होती. गावातल्या चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची. दिवसभर अंधाऱ्या खोलीत परक्या माणसांच्या अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन विचारायचं, आता बरं दिसतंय की मघाशी? पण दुकान बंद झालं की दुसऱ्या दिवसापर्यंत तिच्याशी कुणी बोलायचं नाही. पहिला आठवडा तिने काढला, दुसराही काढला. तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी साडेपाचला तिचे पाय घराकडे वळलेच नाहीत. नदीवर धुकं उतरत होतं, पलीकडचा काठ दिसेनासा झाला होता, आणि अलीकडच्या काठावर ‘फेरीमन’चे दिवे लागले होते.

फेरीमन म्हणजे सेव्हर्न नदीच्या काठचा जुना पब. आता तो नव्या मालकांनी नवा करून घेतला होता. नदीच्या बाजूची भिंत पाडून तिथे काच लावली, छतातून लांब वायरीचे दिवे सोडले, तीन पायऱ्या काढून उतार केला. टेबलावरचा नंबर फोनमध्ये टाकला की प्यायला जागेवर येई. गावातली जुनी माणसं या सगळ्याला नावं ठेवत, आणि नावं ठेवता ठेवता नव्या, गरम केलेल्या संडासात जाऊन मोठ्या समाधानाने परत येत. जुन्यापैकी एकच वस्तू मालकांनी शोभेसाठी ठेवली होती... शेकोटीशेजारचं उंच पाठीचं काळंभोर बाक. दोन माणसं दाटीवाटीने मावतील एवढं. मधोमध बसून बसून लाकूड बशीसारखं झिजलेलं.

वेरिटी नेमकी तिथे जाऊन बसली.

ती बसली तेव्हा आजूबाजूचं बोलणं क्षणभर थांबलं. आपण नवीन आहोत म्हणून असेल, असं तिला वाटलं. थोड्या वेळाने दार उघडून एक उंच माणूस आत आला. अंगावर ओलसर जाड कोट, मागे एक किडकिडीत करडी कुत्री. तो सरळ बाकापर्यंत आला आणि थबकला. त्याने वेरिटीकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं, पुन्हा वेरिटीकडे पाहिलं.

तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली. “बसा ना, जागा आहे.”

“नको,” तो म्हणाला, “दिवसभर... बसूनच असतो.”

आणि शेकोटीवरच्या फळीला कोपर टेकून तो उभा राहिला. कुत्रीने मात्र कसलाही संकोच न करता वेरिटीच्या बुटावर हनुवटी ठेवली आणि डोळे मिटले.

त्याचं नाव ऑल्बन ट्रँटर. कुत्रीचं नाव पिकल. गावाच्या खाली नदीवर होड्यांना वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात उतरवायची मोठी दारं आहेत, त्या दारांचा तो रखवालदार. हे सगळं तिने त्याच्याकडून एकेका शब्दाने काढून घेतलं.

“म्हणजे दिवसभर बसून काम?” तिने विचारलं.

तो ग्लासात बघत राहिला. त्याचे कान लाल होत गेले. “नाही, तसं... दिवसभर उभंच राहावं लागतं.”

“मग?”

“सवय मोडायला नको म्हणून,” तो म्हणाला, आणि वेरिटी हसली. आई गेल्यापासून ती पहिल्यांदा मोठ्याने हसली होती. आपलाच आवाज तिला जरा अनोळखी वाटला.

पुढच्या गुरुवारी ती पुन्हा गेली. तो आला, पुन्हा तसाच उभा. त्याच्या पुढच्या गुरुवारी तिने हिरवा स्कार्फ घातला, आणि दुपारीच आरशात बघून स्वतःला वेडी म्हणून घेतलं. बटाट्याच्या कापांचं पाकीट ती मधोमध फाडून बाकाच्या कडेवर पसरून ठेवायची. त्याला खायला वाकावं लागायचं. वाकला की त्याच्या कोटाला नदीचा आणि ओल्या दोरखंडाचा वास यायचा. तो पाण्याबद्दल बोलायचा... आज किती चढलं, कुठल्या नावेवरच्या बाईने त्याला केक दिला. ती आईच्या फोनबद्दल सांगायची, तिकडच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडाबद्दल, आणि फोन ठेवल्यावर घर किती मोठं होतं त्याबद्दल.

एकदा त्याने मध्येच विचारलं, “घरी गेल्यावर आधी कुठला दिवा लावता?”

“स्वयंपाकघरातला. तुम्ही?”

“मी आधी रेडिओ लावतो,” तो म्हणाला. “दिवा नंतर.”

त्या उत्तराने ती त्याच्या प्रेमात पडली. हा उंच, अबोल माणूस माझ्यासाठी येतो, दोन दोन तास उभा राहतो, शेजारी बसायचं धाडस होत नाही म्हणून उभा राहतो. तिने तसाच अर्थ लावला होता, आणि तो अर्थ घेऊन ती आठवडाभर जगायची.

पाचव्या गुरुवारी त्याला उशीर झाला. मॉडी ग्लास उचलायला आली. नव्या मालकांनी जुन्या नोकरांपैकी ठेवलेली ती एकटीच. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“पोरी, राग मानू नकोस, पण आता कुणीतरी सांगायलाच हवं. ही ऑल्बनच्या बापाची जागा आहे. चाळीस वर्षं एडगर इथेच बसत आला. वसंतात त्याला अर्धांगाचा झटका आला, आता टेकडीवरच्या वृद्धाश्रमात असतो. दर गुरुवारी त्याला भेटून ऑल्बन इथे येतो आणि जागेकडे लक्ष ठेवतो. स्वतःसुद्धा बसत नाही.”

“मग मला कुणी... पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?”

“सांगायचं कसं?” मॉडीला खरंच कोडं पडलं होतं. “बरं दिसतं का ते?”

वेरिटी तशीच उठली आणि कोटाची बटणंही न लावता बाहेर पडली. साऱ्या पबला ठाऊक होतं. महिनाभर सगळे बघत होते, आणि ती स्कार्फ बांधून बसत होती. तो तिच्यासाठी उभा नव्हताच. ती उठायची वाट बघत उभा होता.

दोन गुरुवार ती सरळ घरी गेली. नोव्हेंबर लागला होता, चारला अंधार पडायचा. दुकानात ती लोकांना विचारायची, आता बरं दिसतंय की मघाशी, आणि मनात म्हणायची, बाई, आधी तू बघ. रात्री जेवताना तिला पिकलचीही आठवण यायची. बुटावरचं ते ऊबदार वजन. मग तिने ठरवलं, एकदा जायचं, माफी मागायची आणि विषय संपवायचा.

तिसऱ्या गुरुवारी ती गेली आणि काचेजवळच्या तीन नंबरच्या टेबलाशी पाठमोरी बसली. काचेबाहेर फक्त काळं पाणी होतं, आणि त्यात पबचे दिवे उलटे लटकत होते. त्याच काचेत तिने ऑल्बनला आत येताना पाहिलं. बाक रिकामं होतं. तो बाकासमोर उभा राहिला... आणि त्याचा चेहरा उतरला. जागा परत मिळालेल्या माणसाचा चेहरा असा नसतो, हे तिला तेवढ्यातही कळलं.

पिकलने तिला आधी शोधलं. कुत्रीमागून तो आला.

“ही जागा कुणाची आहे का?” त्याने विचारलं.

“मला विचारू नका. मला त्यातलं काही कळत नाही.” ती काचेकडे बघतच म्हणाली. “मला माहीत नव्हतं. तुमच्या वडिलांच्या जागेवर मी... तुम्ही एक शब्द बोलायचात. मी उठले असते.”

“हो ना. उठली असतीस.”

तो खुर्ची ओढून बसला. पहिल्यांदाच तिने त्याचे डोळे समोरासमोर पाहिले. करडे होते, आणि थकलेले.

“पहिल्या दिवशी सांगणारच होतो,” तो म्हणाला. “शब्दसुद्धा जुळवले होते. पण सांगितलं असतं तर तू दुसरीकडे जाऊन बसली असतीस, आणि मग तुझ्याजवळ उभं राहायला मला काय कारण होतं?”

वेरिटीने हात टेबलावर ठेवला, आणि थोड्या वेळाने त्याने त्यावर आपला ठेवला. दोरखंडाने खरखरीत झालेला हात होता. नदीवरून एक नाव गेली, तिचा दिवा काचेवरून सरकत गेला.

“वडिलांना सांगितलंय मी,” तो खाली बघत म्हणाला. “तुझ्या जागेवर एक मुलगी बसते, असं.”

“रागावले?”

“विचारत होते, कधी दाखवतोस.”

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी दोघांनी एडगरला चाकाच्या खुर्चीतून आणलं. जुन्या तीन पायऱ्या असत्या तर तो आत येऊच शकला नसता. नव्या उतारावरून खुर्ची अलगद वर गेली, आणि पबला नावं ठेवणारे सगळे त्या दिवशी गप्प बसले. बाकावर बसणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. त्याची खुर्ची त्यांनी शेकोटीसमोर लावली. वेरिटी अवघडून बाजूला उभी होती. एडगरचं तोंड एका बाजूने वाकडं झालं होतं, शब्द सावकाश येत.

“उभी का?” तो म्हणाला. “बस तिथे. रिकामं बघवत नाही मला.”

ती झिजलेल्या जागी बसली. म्हाताऱ्याने मान हलवून ऑल्बनकडे पाहिलं.

“आणि तू, खांबासारखा... सरकून घे तिच्याजवळ.”

ऑल्बन बसला. दाटीवाटी झाली, पण दोघं मावले. एडगर तासभर त्यांच्याकडे आणि जाळाकडे बघत होता. त्याने बिअरचे चार घोट घेतले आणि जाताना मॉडीला नव्या दिव्यांबद्दल एक शिवी दिली.

तो पुन्हा आला नाही. एडगर ट्रँटर पुढच्या फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, दुपारी, झोपेत वारला. त्याचं वय एक्क्याऐंशी होतं.