कबीकजचं पान

झुहैर खांद्यावर पोतं टाकून हमामच्या, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराच्या भट्टीकडे निघाला होता. फेस शहराच्या जुन्या गल्ल्यांत या भट्ट्यांना भुसा, बदामाची टरफलं, काहीही चालतं. झुहैरच्या पोत्यात कागद होते.

"आज काय आणलंस?" भट्टीवाल्या हम्मूने विचारलं.

"काकांची पुस्तकं."

"वाचून झाली?"

"विकून झाली."

काका म्हणजे तिजानी; लोक आदराने 'सी तिजानी' म्हणत. मशिदीमागे त्यांचं पुस्तकांचं दुकान होतं, इतकं अंधारं की भर दुपारी दिवा लावावा लागे. अलीकडे गिऱ्हाईक यायचं, पुस्तक चाळायचं, मुखपृष्ठाचा फोटो काढायचं, वर काकांचा पुदिन्याचा चहा पिऊन जायचं. पुस्तक मात्र मागवायचं इंटरनेटवरच्या बड्या दुकानातून, स्वस्तात आणि घरपोच. काकांनी तेवढ्याने हाय खाल्ली आणि अंथरूण धरलं.

किल्ली पुतण्याकडे आली. पुतण्या चलाख. त्याने कापायचं यंत्र आणलं, पिढीजात पुस्तकांच्या बांधण्या उडवल्या, सुटी पानं स्कॅन केली आणि त्याच बड्या दुकानात ई-पुस्तकं म्हणून विकायला ठेवली. पहिलं पान तेवढं तो स्कॅन करत नसे. त्यावर जुन्या शाईत दोनच अरबी शब्द असत: 'या कबीकज', म्हणजे 'हे कबीकजा'. कबीकज हा किड्यांचा राजा. राजाचं नाव दिसलं की कसर त्या पुस्तकाच्या वाटेला जात नाही, असं तिथले जुने लोक मानतात.

काकांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते उशीला टेकून बसले. खोलीत त्यांच्या तपकिरीचा वास भरला होता.

"पहिलं पानही जाळलंस?"

"काका, ई-पुस्तकाला कसर लागत नाही."

"त्या नावाने किड्यांना अडवून धरलं होतं... तू दार उघडलंस. आणि खायला कागदही ठेवला नाहीस." काका हसले. झुहैरला ते हसणं मुळीच आवडलं नाही. "माझ्या आजोबांच्या काळापासून उपाशी आहेत रे ते. जाताना मी त्यांना तुझं नाव सांगून जाईन."

त्याच आठवड्यात काका गेले.

काकांच्या मृत्यूचा चाळिसावा दिवस झाला आणि पहिली तक्रार आली. पुस्तकात भोक आहे. झुहैरने पडद्यावर पाहिलं. पानाच्या मधोमध मोहरीएवढं काळं भोक, पुढच्या पानावर त्याच जागी, त्याच्या पुढच्याही. कसर आरपार जाते तसं. स्कॅन करताना हे नव्हतं, शपथेवर नव्हतं. मग दुसरं पुस्तक पोखरलं गेलं, मग तिसरं. बड्या दुकानाने त्याची सगळी पुस्तकं काढून टाकली, तरी त्याच्या संगणकात ती रोज थोडीथोडी संपत राहिली.

एका संध्याकाळी तो दुकानात एकटा होता. फडताळं रिकामी, आणि तरी आवाज येत होता. कुरर्र... थांबून पुन्हा कुरर्र... त्याने फळीला कान लावला. फळी गप्प होती. तो बाजूला झाला आणि आवाज त्याच्याबरोबर सरकला. मागोमाग तपकिरीचा वास आला.

तो धावत भट्टीवर गेला.

"हम्मू, एखादं पान राहिलं असेल... पहिलं?"

"भट्टीत पान राहतं होय? वेड लागलं का तुला?"

तेव्हा झुहैरने स्वतःच कोऱ्या कागदावर राजाचं नाव लिहिलं, घडी घातली आणि छातीशी, सदऱ्याच्या आत ठेवली. आवाज थांबला. तो लहान मुलासारखा रडला.

शुक्रवारी घरी कुसकुसचं ताट मध्ये आलं. बायको रहमा समोर बसली होती. झुहैरने चाचपून घडी बाहेर काढली आणि उलगडली. कागद धड होता. फक्त अक्षरं तेवढी कुरतडून नेली होती, एकेक वळण अगदी नेमकं.

"अहो," रहमा म्हणाली, "केवढा आवाज करून खाताय."

झुहैरने अजून ताटाला हातही लावला नव्हता.