तळहाताएवढं शेवाळ

त्या रविवारी निगडीच्या घराच्या बाल्कनीत ज्योतीराम मोबाईलवरचा एका कातळाचा फोटो मोठा करून पाहत बसले होते. समोर सोनमोहर पिवळ्या फुलांनी नुसता ओसंडत होता.

"बाबा, एवढं झाड फुललंय, आणि तुम्ही फोटोतली काजळी बघताय!" दिव्या म्हणाली.

"काजळी नाही, शेवाळ आहे. सोनमोहर काय, चौकाचौकात आहे. हे भामा नदीच्या खोऱ्यात एकाच कातळावर सापडलं मला. येतेस बघायला?"

"बघू, पुढच्या रविवारी."

मंगळवारी ते कंपनीतच कोसळले. परत आले नाहीत.

वर्षभराने दिव्या चाकण मागे टाकून त्या खोऱ्यात शिरली. बाबांच्या वहीत पानोपानी शेवाळाचे तुकडे चिकटवलेले होते, फक्त त्या शेवाळाच्या नावाखालचं पान कोरं होतं. तिथे त्याचा एक तुकडा चिकटवायचा, एवढंच तिला हवं होतं. वाट दाखवायला गावातले भैरूमामा होते.

"तुझा बाप येडाच व्हता बग," मामा हसले. "शेवाळासाठी कोन मरतंय का? मी आपला खालीच बसायचो, बिडी वढत."

कडा उभा होता. पायाखाली सुट्या दगडमातीचा घसारा, डोक्यावर मे महिन्याचं ऊन. दगडांवर रंगाचे ठिपके होते, पिवळे, मधूनच लाल.

"हितनं ये!" मामांनी लाल ठिपक्याच्या दगडाकडे पाय उचलला.

दिव्याला एकदम आठवलं. बाबा कंपनीत तपासनीस होते. पास झालेल्या सुट्या भागाला पिवळा ठिपका, नापासाला लाल! हे ठिपके त्यांचेच!

"मामा, थांबा! लाल म्हणजे रिजेक्ट!"

तिने त्यांचा दंड धरून मागे खेचलं. मामांच्या टाचेचा धक्का लागला मात्र, दगड सुटला! धडधडत दरीत गेला. बराच वेळ आवाज येत राहिला.

"आयला," मामा एवढंच म्हणाले.

पुढे दोघं पिवळ्यावरच पाय ठेवत चढले. कातळाच्या कपारीत ते होतं. तळहाताएवढं, काळं, करपल्यासारखं. तिने बाटलीतलं पाणी शिंपडलं. क्षणभर काहीच नाही. मग एकेक पान उलगडू लागलं, हिरवंगार! सोनमोहराखालून ती रोज फुलं तुडवत जायची. त्याची फांदी तोडली तरी पुढच्या वर्षी बहर येतोच. इथे एक चिमूट उचलली तर उरणार काय? पान कोरं का राहिलं, ते तिला कळलं.

तुकडा कापायला उघडलेला चाकू तिने मिटला.

"न्हाई घ्यायचं?" मामांनी विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली. वारा पडला होता. शेजारी एका माणसाला बसता येईल एवढी जागा होती. तिकडे पाहत ती मोठ्याने म्हणाली,

"बाबा, मला यायचं होतं. तुम्ही परत एकदा विचाराल, म्हणून थांबले होते."